स्मृती अपुरी पडते तेव्हा : संगणकीय माहिती-प्रक्रियेतील तीन घटनांचा ऐतिहासिक अभ्यास (१९६९, २००४ व २०२०)

१. प्रस्तावना

संगणकाचा इतिहास सामान्यतः वेगाचा आणि वाढत्या क्षमतेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणते यंत्र केव्हा तयार झाले, त्याचा वेग किती पटींनी वाढला, त्याचा आकार व किंमत किती उतरली, याची माहिती सहज उपलब्ध होते. परंतु यंत्र कोठे अडले, अडल्यानंतर संबंधितांनी त्याचे कारण कसे शोधले आणि त्या शोधातून पुढील काळाला काय मिळाले, हा भाग त्या मानाने उपेक्षित राहतो. वस्तुतः कोणत्याही तंत्राचे खरे स्वरूप ते सुरळीत चालत असताना जितके दिसते त्याहून अधिक ते बिघडल्यावर दिसते.

आजचे बहुतेक संगणकीय काम फाइलींच्या साखळीतून चालते. एका टोकाने फाइली आत घेतल्या जातात, त्यांतील नोंदींवर टप्प्याटप्प्याने संस्कार होतात आणि दुसऱ्या टोकाने निष्पन्न माहिती बाहेर पडते. विद्यापीठाचे परीक्षा-निकाल, ग्रंथालयाची सूची, जनगणनेची कोष्टके, रुग्णालयांचे अहवाल अशी कितीतरी कामे याच रीतीने होतात. या साखळीतील प्रत्येक टप्प्याला माहिती तात्पुरती धरून ठेवण्यासाठी स्मृती लागते. रोजच्या व्यवहारात आपण तिला मेमरी म्हणतो. ही स्मृती कितीही मोठी असली तरी मर्यादित असते. ती भरली की जो बिघाड उद्भवतो त्यास प्रस्तुत निबंधात ‘स्मृति-त्रुटी’ असे म्हटले आहे.

अशा त्रुटीवर सर्वप्रथम सुचणारा उपाय म्हणजे अधिक स्मृती विकत घेणे. तथापि, गेल्या अर्धशतकाहून अधिक काळाचा इतिहास पाहता स्मृती हजारो पटींनी वाढूनही या त्रुटी नाहीशा झालेल्या नाहीत. असे का घडले, हा प्रस्तुत निबंधाचा मूळ प्रश्न आहे.

२. उद्दिष्टे, गृहीतक व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) स्मृति-त्रुटींच्या प्रश्नाची ऐतिहासिक पूर्वपीठिका स्पष्ट करणे.
२) चांद्रमोहीम (१९६९), मंगळमोहीम (२००४) व इंग्लंडमधील साथरोग-नोंदणी (२०२०) या तीन क्षेत्रांतील प्रत्येकी एका घटनेचे कारण व निराकरण तपासणे.
३) या घटनांच्या तुलनेतून माहिती-प्रक्रियेसंबंधी काही सामान्य निष्कर्ष काढणे.

अभ्यासाचे गृहीतक असे की, स्मृती भरणे ही घटना अटळ असून तिचे परिणाम स्मृतीच्या आकारमानापेक्षा, ती भरल्यावर व्यवस्था कशी वागते यावर अधिक अवलंबून असतात. अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रसिद्ध झालेले तांत्रिक वृत्तांत व सार्वजनिक निवेदने यांचा आधार घेतला आहे. तिसऱ्या घटनेत भरलेली मर्यादा ही यंत्रातील कार्यस्मृतीची नसून फाइलीच्या प्रकाराची होती. तरीही आधीच ठरवून दिलेली जागा संपणे हे तिचे मूळ पहिल्या दोन घटनांशी समान असल्याने तिचा समावेश केला आहे.

३. पूर्वपीठिका

मोठी माहिती आणि लहान स्मृती यांचा मेळ घालण्याचा प्रश्न इलेक्ट्रॉनिक संगणकाहून जुना आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांची छिद्रपत्रांवर चालणारी यंत्रे वापरली गेली. सहा कोटींहून अधिक लोकांची माहिती त्या यंत्रांपुढून गेली. तथापि, यंत्राला कोणत्याही क्षणी एकाच पत्राशी कर्तव्य असे. पत्रावरील छिद्रे वाचावीत, संबंधित मोजणी-तबकडी एकाने पुढे सरकवावी आणि ते पत्र बाजूला करावे, एवढेच त्याचे काम. संपूर्ण देशाची माहिती एकाच वेळी धरून ठेवण्याची गरज यंत्राला कधीच भासली नाही. पत्रांचे गठ्ठे हाच त्याचा कोठार होता.

१९४५ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी एडव्हॅक या नियोजित संगणकासाठी नोंदी क्रमाने लावण्याचा कार्यक्रम लिहिला. क्रमाने लावलेल्या दोन लहान याद्यांतील पुढच्या नोंदी ताडून पाहत त्यांची एक मोठी यादी करावयाची, ही त्यातील कल्पना होती. चुंबकीय फितींचा वापर वाढल्यावर हीच कल्पना फार उपयुक्त ठरली. फितीवर लक्षावधी नोंदी असल्या तरी स्मृतीत एका वेळी मोजक्याच नोंदी आणून काम पुरे करता येऊ लागले.

त्या काळी स्मृती अत्यंत महाग होती. फेराइटच्या सूक्ष्म कड्यांमधून तारा ओवून तयार केलेली कोअर स्मृती हे तत्कालीन प्रगत तंत्र होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधला गेलेला व १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणक याच प्रकारच्या स्मृतीवर चालत असे. अशा यंत्रावर काम करणाऱ्यास कोणती माहिती केव्हा आत घ्यावयाची व केव्हा सोडून द्यावयाची, याचा हिशेब स्वतःच ठेवावा लागे.

हा हिशेब माणसाकडून यंत्राकडे सोपविण्याचे महत्त्वाचे पाऊल मँचेस्टर येथे पडले. डिसेंबर १९६२ मध्ये तेथे सुरू झालेल्या ॲटलस संगणकात लहान कोअर स्मृती व मोठे चुंबकीय ड्रम ही दोन्ही मिळून एकच मोठी स्मृती असल्याचा आभास कार्यक्रम लिहिणाऱ्यास मिळत असे. हीच पुढे आभासी स्मृती म्हणून प्रसिद्ध झाली. परंतु आभासालाही मर्यादा असते. एकाच वेळी फार कामे सोपविली की यंत्राचा बहुतांश वेळ माहितीची ने-आण करण्यातच जातो व मूळ काम जवळजवळ थांबते. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या अवस्थेचे विश्लेषण केले आणि प्रत्येक कामाला त्या त्या वेळी प्रत्यक्षात किती स्मृती लागते ते मोजून मगच नवे काम हाती घ्यावे, असा विचार मांडला. स्मृती किती आहे याइतकेच ती एका वेळी किती लागते हेही महत्त्वाचे, ही दृष्टी येथून रूढ झाली. त्यानंतर वर्षभरातच स्मृती भरण्याच्या प्रश्नाला चंद्राच्या पृष्ठभागाजवळ एक प्रसिद्ध प्रसंग लाभला.

४. पहिली घटना : अपोलो ११ (जुलै १९६९)

अपोलो ११ मोहिमेतील ईगल हे अवतरण-यान २० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग व एडविन ऑल्ड्रिन यांना घेऊन चंद्राकडे उतरत होते. यानातील संगणकाची पुनर्लेखनयोग्य स्मृती केवळ २०४८ शब्दांची होती. कायमस्वरूपी कार्यक्रमांसाठी ३६,८६४ शब्दांची वेगळी स्मृती होती. उतरण्याची क्रिया चालू असताना संगणकाच्या फलकावर १२०२ हा इशारा-क्रमांक झळकला. त्यानंतर तोच इशारा पुन्हा आला व एकदा १२०१ हा क्रमांकही दिसला. एकूण पाच वेळा असे इशारे मिळाले.

या क्रमांकांचा अर्थ स्मृतीशी निगडित होता. संगणकातील प्रत्येक चालू कामाला स्मृतीतील एक ठरावीक लहान खण दिला जाई. काम संपले की खण मोकळा होई. १२०२ म्हणजे नव्या कामाला द्यावयास असा खण शिल्लक नाही, तर १२०१ म्हणजे गणितासाठी लागणारी मोठी जागा शिल्लक नाही. मार्गदर्शनाचे मुख्य काम दर दोन सेकंदांनी नव्याने सुरू होत असे. पहिले संपण्यापूर्वीच दुसरे सुरू होऊ लागल्याने खण अडून राहिले व अखेरीस संपले.

काम वेळेत का संपत नव्हते, याचे कारण नंतरच्या तपासात स्पष्ट झाले. मुख्य यानाशी पुन्हा भेट होण्यासाठी असलेल्या रडारची कळ ज्या स्थितीत होती, त्या स्थितीत दोन विद्युत-पुरवठ्यांच्या कलांतरामुळे रडारकडून संगणकाकडे निरर्थक संकेतांचा अखंड ओघ सुरू होता. ते मोजण्यात संगणकाचा बहुमोल वेळ खर्च होत होता. म्हणजेच स्मृती भरण्याचे मूळ कारण स्मृतीत नव्हते. ते साखळीच्या आरंभी, अनावश्यक माहिती आत येण्यात होते.

अशा प्रसंगी संगणकाने काय करावे हे मात्र आधीच ठरलेले होते. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील हॅल लेनिंग यांनी रचलेल्या कार्य-नियंत्रक कार्यक्रमात कामांना प्राधान्यक्रम दिलेला होता. जागा संपताच संगणक सर्व खण मोकळे करून स्वतःस क्षणार्धात पुन्हा सुरू करी आणि अवतरणासाठी अत्यावश्यक असलेली कामेच नोंदवून ठेवलेल्या टप्प्यापासून पुढे नेई. गौण कामे गळून पडत. इंजिनाचे नियंत्रण त्यामुळे अबाधित राहिले.

यंत्राप्रमाणेच माणसांचीही तयारी झालेली होती. उड्डाणापूर्वीच्या एका सरावात अशाच इशाऱ्यामुळे अवतरण अनावश्यकपणे रद्द करण्याचा निर्णय घेतला गेला होता. ती चूक लक्षात आल्यावर सर्व संभाव्य इशारे व त्यांवरील कृती यांची यादी तयार करण्यात आली. ह्यूस्टन येथील जॅक गारमन यांच्यापाशी ही हस्तलिखित यादी होती. इशारा सतत येत नसेल तर पुढे जाण्यास हरकत नाही, हे त्यांनी मार्गदर्शन अधिकारी स्टीव्ह बेल्स यांना तत्काळ सांगितले आणि अवतरण पुढे चालू राहिले. निदानाला अवघी काही सेकंदे मिळाली. ती पुरली, कारण निदानाचे खरे काम त्याआधीच झाले होते.

५. दुसरी घटना : स्पिरिट यान (जानेवारी–फेब्रुवारी २००४)

अपोलोच्या घटनेत पुन्हा सुरू होणे हा उपाय ठरला. पस्तीस वर्षांनंतर मंगळावर नेमकी हीच क्रिया संकटाचे रूप घेऊन आली. नासाचे स्पिरिट हे यान १० जून २००३ रोजी पृथ्वीवरून निघाले आणि ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावरील गुसेव्ह विवरात उतरले. त्याचे नियोजित आयुष्य ९० मंगळदिवसांचे होते. त्याच्या संगणकात १२८ मेगाबाइट कार्यस्मृती व २५६ मेगाबाइट फ्लॅश स्मृती होती. कार्यस्मृतीतील माहिती वीज बंद होताच पुसली जाते, तर फ्लॅश स्मृतीतील माहिती टिकून राहते. छायाचित्रे व मापने प्रथम फाइलींच्या रूपाने फ्लॅश स्मृतीत साठवावयाची, संपर्काच्या वेळी पृथ्वीवर पाठवावयाची आणि ती पोहोचल्याची खात्री झाल्यावर काढून टाकावयाची, असा यानाचा नित्यक्रम होता. या अर्थाने स्पिरिट ही फाइली हाताळणारी एक साखळीच होती.

२१ जानेवारी २००४ रोजी यानाकडून अपेक्षित माहिती येणे थांबले. आज्ञा मिळाल्याची पोच आली, परंतु त्यापुढे काही आले नाही. त्या सुमारास कॅनबेरा येथील संपर्क-केंद्राच्या परिसरात वादळी पाऊस असल्याने प्रथम संशय हवामानावर गेला. बिघाड झाला त्या वेळी एका उपकरणातील मोटरची चाचणी चालू होती. त्यामुळे यांत्रिक दोषाचाही विचार झाला. पुढील दोन दिवसांत तुटक संकेत मिळत गेले. त्यांवरून असे दिसून आले की यानावरील संगणक साठाहून अधिक वेळा पुन्हा पुन्हा सुरू झाला आहे. शिवाय रात्री बंद होण्याची क्रियाही पूर्ण होत नसल्याने यान जागेच राहत आहे व त्याची विद्युत-घटमाला क्षीण होत आहे. ही स्थिती लांबली असती तर यान कायमचे गमावण्याची भीती होती.

कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतील तज्ज्ञांनी या लक्षणांचा क्रम लावून पाहिला. संगणक सुरू होतो, काही काळ ठीक चालतो आणि फ्लॅश स्मृतीतील फाइलींची व्यवस्था उभारण्याच्या टप्प्याशी अडखळतो, असे अनुमान निघाले. ते खरे असल्यास फ्लॅश स्मृतीला स्पर्श न करता संगणक सुरू केल्यास तो स्थिर राहावयास हवा होता. अशा मर्यादित रीतीने सुरू होण्याची आज्ञा यानाच्या कार्यक्रमात आधीच अंतर्भूत होती. फाइलींची तात्पुरती व्यवस्था कार्यस्मृतीतच करून संगणक सुरू करण्याची ही आज्ञा २४ जानेवारीस दिली गेली व संगणक स्थिर झाला. अनुमानाची ही निर्णायक परीक्षा होती.

त्यानंतर मूळ कारणाचा शोध पूर्ण झाला. ग्लेन रीव्ह्ज व ट्रेसी नीलसन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात त्याचे तपशील मिळतात. यानावरील फाइल-व्यवस्था वैयक्तिक संगणकांवर दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या डॉस पद्धतीची होती. या पद्धतीत प्रत्येक फाइलीची एक लहान नोंद निर्देशिकेत असते. फाइल काढून टाकली की तिच्या नोंदीवर केवळ ‘रद्द’ अशी खूण होते. नोंदीची जागा नव्या फाइलीसाठी पुन्हा वापरता येते, परंतु निर्देशिका आकाराने लहान होत नाही. परिणामी, निर्देशिकेचा आकार आज किती फाइली आहेत यावर अवलंबून न राहता आजवर एका वेळी अधिकाधिक किती फाइली होत्या यावर ठरतो. पृथ्वीपासून मंगळापर्यंतच्या सुमारे सात महिन्यांच्या प्रवासात साठलेल्या फाइली आणि मंगळावरील पहिल्या अठरा दिवसांतील फाइली यांमुळे ही निर्देशिका वाढत गेली होती.

फाइल-व्यवस्था उभारताना या निर्देशिकेची प्रत कार्यस्मृतीत घेतली जाई. तिच्यासाठी राखून ठेवलेली जागा अपुरी पडली. येथे मांडणीतील दोन चुका एकत्र आल्या. राखीव जागा संपल्यावर तेथेच थांबण्याऐवजी फाइल-व्यवस्था सर्वांसाठी असलेल्या स्मृतीतून जागा मागत राहिली. आणि जागा न मिळाल्यास मागणी नाकारली गेल्याचे कळविण्याऐवजी मागणारे कामच स्थगित होत असे. काम स्थगित झाल्याचे देखरेख करणाऱ्या कार्यक्रमाला आढळले की तो संपूर्ण संगणक पुन्हा सुरू करी. संगणक सुरू होताच पुन्हा तीच निर्देशिका वाचली जाई, पुन्हा जागा संपे आणि चक्र चालू राही.

येथे विशेष लक्षात घेण्याची बाब अशी की, फ्लॅश स्मृतीत जागा शिल्लक होती. अडचण फाइलींच्या आकारमानाची नव्हती. फाइलींविषयीच्या नोंदींची होती. ग्रंथालयात कपाटे रिकामी असावीत, पण रद्द केलेल्या ग्रंथांच्या ओळी न गाळल्यामुळे दाखलनोंदवहीच टेबलावर मावू नये, तशी ही स्थिती होती. जमिनीवरील चाचण्यांत फाइलींची संख्या इतकी वाढू दिली गेली नसल्याने हा दोष तेथे प्रकट झाला नव्हता. यानाची यंत्रे तपासली गेली. दीर्घ काळाचा साठा मात्र तपासला गेला नव्हता.

निराकरण क्रमाक्रमाने झाले. प्रथम अनावश्यक फाइली काढण्यात आल्या, उपयुक्त माहिती पृथ्वीवर आणण्यात आली आणि त्यानंतर फ्लॅश स्मृती पूर्णपणे पुसून तिची नव्याने आखणी करण्यात आली. ६ फेब्रुवारी २००४ पर्यंत यानाचे शास्त्रीय काम पुन्हा सुरू झाले. दरम्यान २५ जानेवारीस मंगळावर उतरलेल्या ऑपॉर्च्युनिटी या जुळ्या यानालाही या अनुभवाचा लाभ झाला. एप्रिल २००४ मध्ये दोन्ही यानांवर सुधारित कार्यक्रम चढविण्यात आले. ९० दिवसांसाठी पाठविलेल्या स्पिरिटकडून अखेरचा संदेश २२ मार्च २०१० रोजी मिळाला. यावरून जानेवारी २००४ मधील त्या तीन-चार दिवसांत काय पणाला लागले होते याची कल्पना येते.

६. तिसरी घटना : इंग्लंडमधील रुग्णनोंदी (सप्टेंबर–ऑक्टोबर २०२०)

पहिल्या दोन घटनांत बिघाड निदान कळून तरी आला. तिसऱ्या घटनेत तो कळलाच नाही. कोविड-१९ च्या साथीच्या काळात इंग्लंडमधील प्रयोगशाळांकडून बाधित व्यक्तींच्या नोंदी पब्लिक हेल्थ इंग्लंड या तत्कालीन संस्थेकडे येत असत. नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींतून येत. अशा फाइलीत किती ओळी असाव्यात याला फारसे बंधन नसते. तेथून त्या एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारच्या तक्त्यांत आपोआप भरल्या जात आणि मग राष्ट्रीय आकडेवारीकडे व संपर्कशोध यंत्रणेकडे जात.

एक्सएलएस प्रकारच्या एका पानावर ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. ही संख्या योगायोगाची नाही. ओळीचा क्रमांक लिहिण्यासाठी सोळा द्विमान अंकांची जागा राखलेली असून तेवढ्या जागेत ६५,५३६ वेगवेगळे क्रमांकच लिहिता येतात. २००७ मधील नव्या प्रकारात ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींपर्यंत वाढविण्यात आली होती. पण साखळीत जुनाच प्रकार वापरात होता. त्यातही प्रत्येक चाचणीची माहिती एकाहून अधिक ओळी व्यापत असल्याने एका तक्त्यात सुमारे १,४०० रुग्णच मावत असल्याचे त्या वेळच्या वृत्तांतून समजते. रुग्णसंख्या वाढली, तक्ता भरला आणि त्यापुढील नोंदी कोणतीही सूचना न देता गळून पडल्या.

२५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठ दिवसांतील १५,८४१ बाधितांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीत आल्या नव्हत्या, असे उघड झाले. संबंधित व्यक्तींना त्यांच्या चाचणीचे निकाल मिळाले होते. परंतु त्यांच्या सहवासात आलेल्यांचा शोध मात्र लांबला. ५ ऑक्टोबर रोजी आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी ब्रिटिश संसदेत याविषयी निवेदन केले. मोठ्या फाइलींचे लहान तुकडे करून त्या भरण्याचा तातडीचा उपाय योजण्यात आला. टीमो फेत्झर व थॉमस ग्रेबर यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संपर्कशोधातील या विलंबाचा संबंध संसर्ग व मृत्यू यांच्या वाढीशी जोडलेला आहे. तक्त्यातील ओळींची मर्यादा हा केवळ तांत्रिक तपशील राहिला नाही, हे यावरून स्पष्ट होते.

७. तुलनात्मक विवेचन

उपरोक्त तीन घटनांची तुलना करता पहिली बाब समोर येते ती स्मृतीच्या आकारमानाविषयी. अपोलोच्या संगणकातील एक शब्द दोन बाइटांचा मानल्यास त्याची पुनर्लेखनयोग्य स्मृती चार किलोबाइट भरते. स्पिरिटची कार्यस्मृती तिच्या सुमारे बत्तीस हजार पट होती. २०२० मधील साध्या कार्यालयीन संगणकाची स्मृती तर स्पिरिटहूनही कितीतरी मोठी असते. तरीही तिन्ही ठिकाणी जागा संपली. स्मृती वाढते तशी तिच्यावर टाकली जाणारी कामेही वाढतात. शिवाय जागा एकूण किती आहे यापेक्षा विशिष्ट कामासाठी कोणी, केव्हा व किती राखून ठेवली, हे निर्णायक ठरते. प्रत्येक घटनेत प्रत्यक्ष संपला तो एखादा राखीव खण : कामांचे खण, निर्देशिकेची जागा, ओळींचे क्रमांक.

दुसरी बाब जागा संपल्यानंतरच्या वर्तनाची. अपोलोच्या संगणकाने गौण कामे सोडली, मुख्य काम राखले आणि आपण काय केले ते क्रमांकाने जाहीर केले. स्पिरिटचा संगणक थांबला व पुन्हा सुरू होत राहिला. तो संकटात आहे हे कळले, पण का ते कळण्यास अवधी लागला. इंग्लंडमधील साखळी मात्र काहीच न घडल्याप्रमाणे चालत राहिली. निदानास लागलेला काळही याच क्रमाने वाढत गेलेला दिसतो. अपोलोत तो काही सेकंदांचा होता, स्पिरिटच्या बाबतीत तीन दिवसांचा, तर तिसऱ्या घटनेत आठ दिवसांच्या नोंदी गळेपर्यंत दोष ध्यानात आला नाही. सामान्य समजुतीप्रमाणे यंत्र बंद पडणे ही सर्वांत वाईट अवस्था होय. ऐतिहासिक पुरावा मात्र असे दर्शवितो की अपुरे काम करून ते पूर्ण झाल्याचे भासविणारे यंत्र अधिक घातक ठरते.

तिसरी बाब पुनःप्रारंभाची. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे हा सर्वत्र प्रचलित उपाय आहे. अपोलोत तो यशस्वी झाला, कारण अडून राहिलेले खण पुनःप्रारंभासरशी मोकळे होत होते. स्पिरिटच्या बाबतीत कारण टिकाऊ स्मृतीत होते. त्यामुळे प्रत्येक पुनःप्रारंभात तेच नव्याने वाचले जात होते. बिघाडाचे कारण पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत आहे की टिकून राहणाऱ्या नोंदीत, हा प्रश्न म्हणूनच निदानाच्या आरंभी विचारणे आवश्यक ठरते.

याचा अर्थ अधिक स्मृती घेणे नेहमीच व्यर्थ असते असा मात्र नाही. काम खरोखरच वाढले असेल तर जागाही वाढवावी लागते. २००७ मध्ये तक्त्यांची मर्यादा वाढविणे हे योग्यच होते. आक्षेप आहे तो मोजमाप न करता केलेल्या वाढीवर. अपोलोत निरर्थक संकेतांचा ओघ न रोखता खण वाढविले असते, किंवा स्पिरिटवर रद्द नोंदी तशाच ठेवून राखीव जागा वाढविली असती, तर बिघाड टळला नसता. तो केवळ पुढे ढकलला गेला असता.

८. निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) स्मृति-त्रुटी जेथे प्रकट होते तेथेच तिचे कारण असते असे नाही. अपोलोत ते रडारच्या संकेतांत, स्पिरिटवर जुन्या फाइलींच्या नोंदींत, तर इंग्लंडमध्ये फाइलीच्या प्रकाराच्या निवडीत होते. निदान करताना साखळीच्या आरंभापासून मागोवा घ्यावा लागतो.

२) फाइल काढून टाकणे आणि तिची जागा मोकळी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. माहितीविषयीची माहितीही जागा व्यापते व तिचाही हिशेब ठेवावा लागतो.

३) लहान नमुन्यावर व अल्पकाळ घेतलेली चाचणी साठून येणारे दोष उघड करू शकत नाही. चाचणीत प्रमाण व काळ या दोहोंचा विचार होणे आवश्यक आहे.

४) मर्यादित रीतीने सुरू होण्याचा मार्ग आणि संभाव्य इशाऱ्यांची यादी या गोष्टी संकटापूर्वी तयार असाव्या लागतात. १९६९ व २००४ मधील यशस्वी निराकरणाचे श्रेय बऱ्याच अंशी या पूर्वतयारीस जाते.

५) छिद्रपत्रांच्या काळातील एका वेळी एक नोंद घेण्याची रीत आजही कालबाह्य झालेली नाही. इंग्लंडमध्ये फाइलींचे लहान तुकडे करण्याचा जो उपाय योजला गेला तो मूलतः याच जातीचा होता.

६) प्रत्येक टप्प्यावर आत आलेल्या नोंदींची संख्या ही पुढे गेलेल्या व नाकारलेल्या नोंदींच्या बेरजेइतकी आहे की नाही, हे तपासले गेले पाहिजे. जमाखर्च लिहिणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ताळा पाहण्याची ही साधी रीत १५,८४१ नोंदींची उणीव पहिल्याच दिवशी उघड करू शकली असती.

महाविद्यालये व विद्यापीठे यांचे प्रवेश, निकाल व ग्रंथसूची यांचे काम आता याच प्रकारच्या साखळ्यांवर सोपविलेले आहे. तेथे गळून पडणारी नोंद म्हणजे एखाद्या विद्यार्थ्याचे गुण किंवा एखाद्या ग्रंथाचा ठावठिकाणा असतो. म्हणून नवी यंत्रणा स्वीकारताना तिची स्मृती किती, या प्रश्नाबरोबरच ती स्मृती भरल्यावर यंत्रणा काय करील आणि ते कोणास व कसे कळवील, हाही प्रश्न अध्यापक व प्रशासक यांनी आवर्जून विचारणे अगत्याचे आहे.